आधी बॅटरी, मग बाकी

॥ श्री ॥

कोल्हापूर, २ जून

चि. सोनूस,



तू पाठवलेलं गाडीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग चार वेळा ऐकून झालं. दोनदा नुसतं फोनवर, दोनदा कानात इयरफोन घालून. सेल मारल्यावर आधी 'खाड्' असा एक धक्का ऐकू येतो, मग मोटर नुसतीच फिरल्यासारखी 'घर्रर्र' होते आणि इंजिन जागचं हलत नाही. तिसऱ्या वेळी गाडी सुरू होते. तुमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्यानं मीटर न लावता 'स्प्रॅग क्लच गेला, इंजिन खोलावं लागेल' असं सांगितलं, आणि तू घाबरून मामाला विचारलंस. बरं केलंस. स्प्रॅग क्लच खरोखर गेलाही असेल. पण तो का गेला हे शोधल्याशिवाय नवा बसवला, तर तोही त्याच वाटेनं जाईल.

हे पत्र लांबणार आहे. गाडी तुझी आहे, ती आता दहा वर्षांच्या पुढे गेली आहे आणि तिच्यावरून तू पावसाळ्यात कोकणात उतरणार आहेस. म्हणून फोनवर दोन वाक्यांत उरकण्यापेक्षा सगळं लिहून ठेवलेलं बरं. सगळ्याचं सार मात्र एकच आहे. थंडरबर्ड ३५० या गाडीतली महाग वस्तू आपणहून सहसा जात नाही. तिच्याआधी कुठली तरी स्वस्त वस्तू महिनोन् महिने दुर्लक्षित राहिलेली असते. बॅटरीकडे पाहिलं नाही म्हणून स्प्रॅग क्लच जातो, ऑईल वेळेवर बदललं नाही म्हणून टॅपेट वाजतात, चेन कोरडी राहिली म्हणून स्प्रॉकेटचे दाते वाकतात.

आधी ही गाडी काय आहे ते समजून घे. रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. मद्रासजवळ तिरुवोत्तियुरला १९५५ साली तिचं भारतातलं काम सुरू झालं. थंडरबर्ड आली २००२ मध्ये. रुंद हँडल, खाली बसवलेली सीट, पाय किंचित पुढे, म्हणजे अमेरिकन क्रूझरची बैठक. पहिल्या थंडरबर्डला ऑस्ट्रियातल्या एव्हीएल कंपनीच्या मदतीनं तयार केलेलं इंजिन होतं. नंतर इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात असलेलं यूसीई इंजिन आलं, आणि २०१२ मध्ये वीस लिटरची टाकी आणि मागेही डिस्क ब्रेक असलेलं रूप आलं. तुझी गाडी त्यातली. २०२० मध्ये थंडरबर्ड बंद झाली आणि तिच्या जागी नव्या इंजिनाची मीटिओर ३५० आली. म्हणून पार्ट विकत घेताना दुकानदाराला नुसतं 'थंडरबर्ड' म्हणू नकोस. साल सांग, 'यूसीई ३५०' सांग, जमल्यास जुना पार्ट हातात घेऊन जा.

इंजिन एकच सिलिंडरचं, ३४६ सीसीचं. बोअर ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९०. म्हणजे पिस्टन रुंदीपेक्षा बराच जास्त खाली-वर जातो. त्यामुळे कमी फेऱ्यांतही गाडी ओढते आणि तो ठाय लयीतला फायरिंगचा आवाज येतो, ज्याच्यावर सगळे भाळतात. हाच लांब स्ट्रोकचा पिस्टन दाबाविरुद्ध वर ढकलायला मात्र सेलच्या मोटरला चांगलाच जोर लावावा लागतो. तुझ्या 'खाड्'चं मूळ इथे आहे.

बटण दाबल्यावर आवाज तीन तऱ्हांचे येतात. तिघांचा अर्थ वेगळा. नुसतं 'कट्-कट्-कट्' वाजलं, तर रिले जुळतोय पण मोटर फिरवण्याइतका करंट नाही: बॅटरी उतरलेली किंवा तिचे टर्मिनल ढिले, गंजलेले. मोटर 'घर्रर्र' फिरते आणि इंजिन फिरत नाही, तर मोटर आणि क्रँक यांच्यामधला स्प्रॅग क्लच घसरतोय. आणि 'खाड्' म्हणजे इंजिनानं उलटा फटका मारला. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये दुसरा आणि तिसरा आवाज आहे, आणि तिसरा आधी येतो. क्रम महत्त्वाचा.

स्प्रॅग क्लच म्हणजे एकाच दिशेनं पकडणारा क्लच. सायकलचं फ्रीव्हील आठव: पॅडल मारलं की चाक पकडतं, पाय थांबवले की चाक आपलं फिरत राहतं. इथे मोटर क्रँकला पुढे फिरवते तेव्हा आतले छोटे तुकडे घट्ट पकडतात. इंजिन सुरू होऊन जास्त वेगानं फिरायला लागलं की ते सोडून देतात, म्हणून मोटर इंजिनाबरोबर फरफटत नाही. आता बॅटरी अशक्त आहे असं धर. मोटर पिस्टनला कसंबसं वर नेते. पिस्टन टोकाला पोचण्याच्या थोडं आधीच प्लगची ठिणगी पडते, ती तशीच पडायची असते. पण पिस्टनमध्ये टोक ओलांडून जाण्याइतका वेग नसतो. पेटलेलं मिश्रण त्याला उलट खाली ढकलतं. क्रँक मागे फिरू पाहतो, आणि नेमकं त्या दिशेला स्प्रॅग सोडत नाही. सगळा धक्का त्या बोटाएवढ्याही नसलेल्या तुकड्यांवर येतो. असे पन्नास धक्के खाल्ले की त्यांची पकड जाते आणि 'घर्रर्र' सुरू होतं. गॅरेजवाल्यानं रोग बरोबर सांगितला असेल, पण कारण सांगितलं नाही. कारण बॅटरी आहे की नाही, हे घरबसल्या तपासता येतं.

बाजारात साधा डिजिटल मल्टिमीटर काहीशे रुपयांत मिळतो. सकाळी, रात्रभर गाडी उभी असताना, चावी न लावता बॅटरीच्या दोन टोकांना लाव. १२.६ किंवा त्याच्या वर व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे अर्धीमुर्धी. १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समज. मग कुणाला तरी सेल मारायला सांग आणि त्या क्षणी आकडा किती खाली जातो ते बघ. साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी चार्ज असूनही दमलेली आहे. शेवटी गाडी सुरू करून थोडी रेस कर. आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये यायला हवा. तिथवर चढलाच नाही तर बॅटरी बदलून काही उपयोग नाही, कारण चार्जिंगच होत नाहीय. रेग्युलेटर किंवा त्याची वायर बघावी लागेल. तीन आकडे, पाच मिनिटं. यातला एकही आकडा नसताना इंजिन खोलायला परवानगी देऊ नकोस.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर निगेटिव्ह आधी सोड, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट क्रम. जुन्या टूथब्रशनं घासून कोरडं कर, घट्ट बसव, वरून थोडं व्हॅसलीन. जादा हॉर्न आणि फॉग लाईट लावले असतील तर त्यांची वायर कुठून घेतलीय ते बघ, उभ्या गाडीतही काही जण करंट चोरत राहतात. तोवर एक कर: सेल नको, किक मार. ही सोय या गाडीला दिलेली आहे आणि अशक्त बॅटरीवर ती हजारो रुपये वाचवते.

बॅटरीचे आकडे ठीक आले तर पुढचा संशयित ऑईल. स्प्रॅग ऑईलमध्येच काम करतो. चुकीचं किंवा जुनं चिकट ऑईल असलं तरी तो घसरतो. म्हणून ऑईल आणि फिल्टर बदलून बघणं ही दुसरी पायरी, आणि इंजिनाचं कव्हर उघडणं ही तिसरी.

या इंजिनात ऑईल एकच. तेच पिस्टनला, तेच गिअरला, तेच क्लचलाही. ग्रेड १५डब्ल्यू-५०, आणि डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' छापलेलं असलंच पाहिजे. कारचं ऑईल यात कधीही घालू नये. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि क्लचच्या ओल्या प्लेटा त्याच्यात घसरतात: रेस वाढते, गाडी वाढत नाही. ऑईलची पातळी बघायला इंजिनाच्या खालच्या अंगाला गोल काच आहे. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी कर, इंजिन गरम करून बंद कर, काही मिनिटं थांब आणि मग बघ. साईड स्टँडवर कललेल्या गाडीची काच खोटं सांगते.

ऑईलला एवढं महत्त्व का, तर टॅपेटमुळे. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेट हातानं सेट करावे लागत. पुशरॉड दोन बोटांत फिरवून बघणारे मिस्त्री कोल्हापुरात आजही आहेत आणि त्यांच्या बोटांना किती ढिलाई हवी ते नेमकं ठाऊक असतं. यूसीई इंजिनातही पुशरॉड आहेत, पण टॅपेट हायड्रॉलिक आहेत. ऑईलच्या दाबावर ते स्वतःच ढिलाई भरून काढतात. तिथे सेट करायला स्क्रूच नाही. गाडी आठवडाभर उभी राहिल्यावर सुरुवातीला थोडा वेळ 'टिक्-टिक्' आली तर चिंता नको, टॅपेटमधून उतरलेलं ऑईल परत भरतंय. पण गाडी तापल्यावरही टिकटिक राहिली, तर आधी काचेत पातळी बघ आणि ऑईल शेवटचं कधी बदललं ते आठव. एखादा मिस्त्री 'टॅपेट सेट करून देतो' म्हणाला तर त्याला ही गाडी ठाऊक नाही हे समजून घे. तो वाईट कारागीर असतो असं नाही. त्याचं शिक्षण दुसऱ्या इंजिनावर झालंय, इतकंच.

आता चेन. आठवड्यातली वीस मिनिटं तिला दे. इंजिन बंद, चावी काढून खिशात, गाडी मेन स्टँडवर, गिअर न्यूट्रल. मागचं चाक हातानं फिरवत रॉकेलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशनं कड्या घास. तारेचा ब्रश नको, पेट्रोल नको. पहिल्या दोन फेऱ्यांत काळा चिखल गळतो, तिसऱ्या फेरीला कड्यांच्या बाजूंवर कंपनीचे ठसे दिसायला लागतात, तिथे थांब. फडक्यानं पूस, वाळू दे. मग चेनच्या आतल्या अंगाला, म्हणजे जिथून ती स्प्रॉकेटवर बसते त्या बाजूला, चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑईल थेंब थेंब सोड. चाक फिरलं की ते बाहेरच्या दिशेला आपोआप सरकतं. बाहेरून ओतलेलं ऑईल रिमवर आणि टायरवर उडतं, आणि मागच्या टायरवर ऑईल म्हणजे वळणावर पडणं.

ताण बघताना खालची चेन मधोमध बोटानं वर-खाली कर. २५ ते ३० मिलिमीटर हालचाल असावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघून घे. चाक थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी मोज. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथला आकडा धरायचा. ताण देताना दोन्ही बाजूंच्या खुणा एकाच रेघेवर आण, नाहीतर चाक तिरकं बसतं. आणि चेन जास्त घट्ट करू नकोस. खड्ड्यात मागचं चाक वर-खाली जातं तेव्हा तिला ढिलाई लागते. ती नसली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो, म्हणजे पुन्हा तेच: स्वस्त चेनपायी महाग बेअरिंग. चेन संपली की नाही ते बघायची सोपी खूण अशी: मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन पकडून ओढ. अर्धा दाता उघडा पडला तर ती ताणली गेलीय. मग चेन एकटी बदलू नये. दोन्ही स्प्रॉकेटसह सेट बदलावा. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन टाकली तर ती लवकरच जुन्यासारखी होते.

चेन आणि इंजिन दोन्ही खाणारी एक सवय क्रूझर चालवणाऱ्यांत फार दिसते: टॉप गिअरला ताशी चाळीसनं डुलत जायचं. आवाज छान येतो, पण आत पिस्टन धडधडतो आणि चेनला दर ठिणगीला झटका बसतो. या इंजिनाचा टॉर्क २८ न्यूटन-मीटरचा आहे, पण तो पूर्ण मिळतो ४००० फेऱ्यांच्या आसपास. तुझ्या गाडीला फेऱ्यांचं मीटर आहे, त्याकडे बघ. करूळ घाट किंवा आंबोली चढताना तिसऱ्या गिअरला उतर, इंजिनाला मोकळेपणी फिरू दे. उतरतानाही तोच गिअर ठेव, म्हणजे अर्धं काम इंजिन करेल आणि ब्रेक तापणार नाहीत.

ब्रेकवरून आठवलं. पुढे २८० मिलिमीटरची डिस्क आहे, मागे २४० ची. दोन्हींचं काम ब्रेक ऑईलवर चालतं आणि ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-४ जातीचं ताजं ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर त्याच्याकडून किमान १५५ अंशांचीच हमी धरली जाते. घाट उतरताना जवळपास दोनशे किलोची गाडी आणि वर माणूस-सामान असा भार दाबून धरला की कॅलिपर तापतो, ऑईलमधलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर हँडलपर्यंत मऊ जातो. वाफ दाबली जाते, चाकापर्यंत दाब पोचतच नाही. यावर उपाय साधा आणि स्वस्त: दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदल. झाकणावर जो डॉट क्रमांक कोरलाय तोच घाल. जुन्या मालकानं कधी बदललं हे ठाऊक नसेल, तर कधीच बदललं नाही असं धर आणि कोकणात जाण्याआधी करून घे. पॅड किती उरलेत ते टॉर्च मारून बघता येतं. कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना गंजल्या तर एकच पॅड झिजतं, तेही तेव्हाच दिसेल. हे काम स्वतः करायचा हट्ट मात्र करू नकोस. हवा नीट निघाली नाही तर ब्रेक नसल्यात जमा. अनुभवी हाताकडून, डोळ्यांदेखत करून घे.

पाणी शोषणारी दुसरी गोष्ट म्हणजे आता पंपावर मिळणारं पेट्रोल. त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्यातलं काही आपल्याच कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यांत तयार होतं. उसाला त्यामुळे आणखी एक गिऱ्हाईक मिळालं, ते चांगलंच आहे. पण तुझी गाडी तेवढ्या इथेनॉलसाठी बनलेली नाही आणि तिला कार्बोरेटर आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरेल. खरी काळजी उभ्या गाडीची. महिनाभर गाडी नुसती उभी राहिली की कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल शिळं होतं, पाणी तळाला बसतं, पितळी जेटच्या केसाएवढ्या भोकात मळ धरतो. मग गाडी चोकशिवाय चालू राहत नाही, रेस सोडली की बंद पडते. तू कामानिमित्त लांब जाणार असशील तर आधी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेव, म्हणजे वाटी रिकामी होईल. टाकी मात्र भरून ठेव, मोकळ्या टाकीत दमट हवा शिरते आणि आतून गंज धरतो. पेट्रोलच्या नळ्या आता बोटानं दाबून बघ. कडक किंवा भेगाळलेल्या असतील तर लगेच बदल. गरम इंजिनावर पेट्रोल गळणं फार वाईट.

या गाडीला प्लग दोन आहेत, सिलिंडर हेडच्या दोन्ही अंगांना. पुष्कळदा एकच काढून साफ केला जातो, कारण तोच हाताला लागतो. दोन्ही बदल, जोडीनं. टोकाचा रंग फिकट तपकिरी, विटकरी असला की मिश्रण ठीक. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट काळा असेल तर इंजिन ऑईल वर येतंय. पांढराफटक असेल तर हवा जास्त, इंजिन तापतंय.

प्लग परत बसवताना मात्र पाना घेऊ नकोस. आधी बोटांनी फिरव. तीन-चार आटे बोटानं सहज गेले, तरच पाना लाव. हेड ॲल्युमिनियमचं आहे, प्लग स्टीलचा. तिरका धरून पान्यानं जोर लावला की हेडचे आटे गेले. अशी हेड्स घेऊन पोरं शिवाजी उद्यमनगरात येतात. तिथला लेथवाला हेड टेबलावर पकडतो, खराब भोक मोठ्या ड्रिलनं सरळ करतो, त्यात नवे आटे पाडतो आणि स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी कॉइल आत फिरवून बसवतो. कॉइलची शेपटी 'टिक' करून तुटते, चिमट्यानं बाहेर येते आणि प्लग पुन्हा बोटानं जायला लागतो. काम सुंदर असतं, बघत राहावंसं वाटतं. ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीचं गाव म्हणून हे हात इथे तयार झाले. पण ते हेड तिथवर न्यायची वेळच का यावी? बोटांनी फिरवलेले चार आटे, एवढीच काळजी पुरते. ऑईलच्या ड्रेन बोल्टचंही तेच. नवा वॉशर घाल, पान्यानं घट्ट कर आणि थांब. पाईप लावून जोर करू नकोस.

एका सिलिंडरच्या इंजिनाचे हादरे बोल्ट ढिले करतात, हा गाडीचा दोष नाही, स्वभाव आहे. दर पंधरवड्याला सायलेन्सरचे नट, क्रॅश गार्ड, नंबर प्लेट, फूटरेस्ट, आरसे यांच्यावर एकदा पाना फिरव. तुझ्या चाकांना स्पोक आहेत. चाक उचलून फिरवताना एका छोट्या पान्यानं प्रत्येक स्पोकवर हलकं टक कर. घट्ट स्पोक 'टण्' वाजतो, ढिला 'थड्'. एक-दोन ढिले असतील तर चाकाच्या कारागिराकडे ने, स्वतः पिळू नकोस, चाक आऊट होतं. टायर ट्यूबचे आहेत, म्हणजे खिळा लागला की हवा हळूहळू नाही, भसकन जाऊ शकते. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. '२३१४' म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. तसं काही दिसलं तर गोट्या कितीही शाबूत असोत, ते टायर घालून घाटात जायचं नाही.

आणि सायलेन्सर बदलायचा नाही. तुझे मित्र म्हणतील मोठा आवाज काढ. मोकळ्या सायलेन्सरनं मिश्रणाचं गणित बिघडतं, इंजिन तापतं, आणि गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची मनाई आहे. आपल्या राज्यात पोलिसांनी असे सायलेन्सर काढून घेऊन रोलरखाली चिरडलेत. रात्री दवाखान्यासमोरून जाणाऱ्या त्या आवाजाचा त्रास ज्याला झालाय, त्याला याचं वाईट वाटणार नाही.

मिस्त्री निवडताना दुकान किती चकचकीत आहे ते बघू नकोस. तो आधी विचारतो की आधी पाना उचलतो, ते बघ. चांगला मिस्त्री विचारेल: आवाज थंडीत येतो की गरम झाल्यावर? कधीपासून? शेवटचं काय काम झालं? तू त्याला नीट उत्तरं दे, 'गाडी बरोबर चालत नाही' एवढंच सांगू नकोस. काम झाल्यावर जुने पार्ट परत माग. अविश्वास म्हणून नाही, त्यांच्यावरची झीज बघून पुढचं कळतं म्हणून. एका वहीत तारीख, किलोमीटर आणि काय केलं ते लिहीत जा. मामाच्या वहीत १९९६ पासूनच्या नोंदी आहेत. कुठला पार्ट किती टिकला ते सांगायला तेवढी एक वही पुरते.

वर्षातले दोन दिवस पक्के ठेव. मृग लागायच्या आत चेन, ब्रेक, टायर, बॅटरी. आणि पाऊस सरल्यावर, दसऱ्याआधी, सगळी गाडी पुन्हा एकदा: गंजलेले बोल्ट, केबली, चाकांचे बेअरिंग. कोकणातून आल्यावर गोड्या पाण्यानं हळुवार धू. मोठ्या दाबाचं पाणी चाकाच्या मधोमध आणि वायरिंगवर मारू नकोस, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन निघतं. खंडेनवमीला आपण पान्यांची, हातोड्यांची पूजा करतो, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो. हार घालण्याआधी तिच्या चेनला ऑईल असावं, एवढं बघ.

तर आता काम असं. या शनिवारी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी बॅटरीचे तीन आकडे घे: उभ्या गाडीचा, सेल मारतानाचा, रेस केल्यावरचा. वहीच्या पहिल्या पानावर लिही आणि फोटो काढून मामाला पाठव. बॅटरी कमजोर निघाली तर नवी घाल, ऑईल-फिल्टर बदल आणि आठवडाभर नुसत्या किकवर चालव. मग थंड गाडीवर एकदा सेल मारून बघ. घर्रर्र तरीही आलं, तर स्प्रॅग क्लच बदलावाच लागेल, आणि तेव्हा त्या गॅरेजवाल्याकडेच जा. त्याचं निदान खरं ठरलेलं असेल, आणि नवा स्प्रॅग टिकेल असं कामही तू आधीच केलेलं असेल. तोवर कोकणची तारीख ठरवू नकोस.

ताईला आणि भावोजींना नमस्कार. मामी विचारत होती, पावसाआधी इकडे एक चक्कर होते का. गाडीनं नको, एसटीनं ये.

कळावे,

तुझा मामा

ता. क. चेन साफ करताना इंजिन चालू ठेवून फडकं धरायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये फडकं ओढलं गेलं की त्याच्याबरोबर बोट जातं. चावी खिशात टाकली का, हे दर वेळी हात लावून बघ.